कालमापनाचा वाटाड्या : सर सॅंडफर्ड फ्लेमिंग
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

बारा वाजले म्हणजे नेमके काय झाले? थट्टेतला अर्थ सोडून द्या. सूर्य डोक्यावर आला, सावली पायाशी गोळा झाली, म्हणजे बारा वाजले, असे पूर्वी सोपे उत्तर होते. पण सूर्य काही सगळ्या गावांच्या डोक्यावर एकदम येत नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सव्वासहा अंशांवर आहे. तेव्हा मुंबईची मध्यान्ह होण्याआधी पंचवीस मिनिटे, जुन्या भाषेत सुमारे एक घटका, नागपूरची मध्यान्ह होऊन गेलेली असते. पंचांगात गावोगावचे सूर्योदय वेगवेगळे द्यावे लागतात ते यामुळेच. बैलगाडीने जाणाऱ्याला या फरकाचे काहीच वाटत नसे. आगगाडी आली आणि हाच फरक माणसाला छळू लागला.

हा छळ सर्वांत जास्त कोठे व्हावा? जो देश पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरला आहे तेथे. कॅनडा हा असा देश आहे. त्याची दोन टोके एकमेकांपासून सुमारे ८८ अंश दूर आहेत. आपला भारत पूर्व-पश्चिम २९ अंशांच्या आसपास भरतो. या अवाढव्य देशात रूळ टाकता टाकता ज्यांनी साऱ्या जगाच्या घड्याळांचा विचार केला, ते सर सॅंडफर्ड फ्लेमिंग. त्यांच्याविषयी लिहावे असे मला वाटले त्याचे कारण मात्र घड्याळ नव्हे. चौदाव्या वर्षी ज्यांची शाळा सुटली ते गृहस्थ पुढे एका विद्यापीठाचे कुलपती झाले आणि पस्तीस वर्षे त्या पदावर राहिले, हे वाचून माझे कुतूहल प्रथम जागे झाले. ज्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्या घरी ही हकीकत सांगितली तेव्हा वडिलांनी ती मला पुन्हा एकदा सांगायला लावली.

फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी या किनाऱ्यावरच्या गावी झाला. चौदाव्या वर्षी ते जॉन सँग नावाच्या मोजणीदाराच्या हाताखाली उमेदवारीला राहिले. जमीन मोजणे, नकाशे काढणे, रेल्वेची आखणी करणे हे सारे ते तेथे शिकले. महाविद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. १८४५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, थोरल्या भावाबरोबर ते शिडाच्या जहाजाने कॅनडाला निघाले. वाटेत समुद्र इतका खवळला की आता आपण वाचत नाही असे त्यांना वाटले. तेव्हा वडिलांना निरोपाचे पत्र लिहून ते त्यांनी बाटलीत घातले आणि बाटली लाटांवर सोडून दिली. जहाज तरले. बाटलीही तरली, आणि काही महिन्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका कोळ्याच्या हाती लागली. वेळ आणि अंतर यांचा या माणसाशी असलेला संबंध असा पहिल्यापासूनच विलक्षण दिसतो.

कॅनडात सुरुवातीचे दिवस हलाखीचे गेले. स्कॉटलंडमध्ये शिकलेली मोजणी तेथे मानली जात नव्हती. परवाना नव्याने मिळवावा लागला. त्यासाठी १८४९ साली ते मॉन्ट्रियलला गेले असता त्याच वेळी दंगेखोरांनी तेथील संसदभवन पेटवून दिले. पाहायला आलेला हा बावीस वर्षांचा तरुण इतरांबरोबर आत शिरला आणि राणी व्हिक्टोरियाचे मोठे तैलचित्र बाहेर काढण्यास त्याने हातभार लावला. त्याच वर्षी टोरांटोत काही मोजणीदार व शिल्पकार मित्रांबरोबर त्यांनी ‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. संस्था स्थापन करणे सोपे, चालवणे कठीण, हे आपण आपल्या वाङ्मय मंडळावरून जाणतोच! एका सभेला तर फ्लेमिंग धरून दोनच सभासद हजर होते. दुसरा कोणी असता तर दिवा मालवून घरी गेला असता. या दोघांनी आपसांत अध्यक्ष व चिटणीस वाटून घेतले, सभा रीतसर भरवली आणि ठरावही मंजूर केले. या दोघांच्या सभेची आठवण ठेवावी. ती पुढे कामास येणार आहे.

१८५१ साली कॅनडा प्रांताचे पहिले टपाल तिकीट निघाले. त्याचे चित्र फ्लेमिंग यांनीच काढले. तीन पेनीच्या या तिकिटावर राणी नव्हती, प्राणी होता. ओढ्यात झाडांच्या फांद्यांनी बांध घालणारा बीव्हर त्यावर दाखवला होता. मला हे चित्र फार बोलके वाटते. बांधकाम करणारा हा प्राणी म्हणजे जणू फ्लेमिंग यांचे स्वतःचेच चित्र! १८५५ मध्ये त्यांचा विवाह झाला, संसार मोठा झाला, आणि रेल्वेच्या नोकरीत ते चढत गेले.

समुद्रकाठच्या हॅलिफॅक्सला क्वेबेकशी जोडणाऱ्या इंटरकलोनियल रेल्वेचे ते मुख्य अभियंता होते. पूल लाकडाचे करावेत, पैसे वाचतील, असे वरच्या मंडळींचे म्हणणे होते. फ्लेमिंग यांनी लोखंडाचाच हट्ट धरला, थेट सरकारपर्यंत दाद मागितली आणि हट्ट पुरा केला. १८७६ साली हा मार्ग पुरा झाला. दरम्यान १८७१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया कॅनडात सामील झाला तो एका अटीवर: दहा वर्षांत पूर्वेकडून रेल्वे आली पाहिजे. हा पॅसिफिक रेल्वेचा मार्ग शोधण्याचे कामही फ्लेमिंग यांच्याच गळ्यात आले. १८७२ साली ते स्वतः हॅलिफॅक्सहून निघाले आणि आगबोट, होडी, बैलगाडी व घोडा अशा मिळेल त्या वाहनाने सुमारे शंभर दिवसांत पॅसिफिक महासागराला जाऊन पोचले. बरोबर जॉर्ज ग्रँट नावाचे त्यांचे पाद्री स्नेही होते. ग्रँट यांनी या प्रवासाचे पुस्तक लिहिले व ते खूप वाचले गेले.

या कामाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सर्वेक्षणाच्या त्या वर्षांत नद्यांत बुडून, वणव्यात सापडून तीसांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील फार थोड्यांची नावे आज कोणी घेतो. ज्या आदिवासी जमाती त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या, त्यांच्यासाठी तर रेल्वे म्हणजे जमिनी जाण्याची सुरुवात होती. थोरांची चरित्रे लिहिताना आपण पुलाची लांबी सांगतो, पुलाखाली काय वाहून गेले ते सांगत नाही.

दोन रेल्वेमार्गांचे ओझे एकाच खांद्यावर घेतल्याने फ्लेमिंग यांची प्रकृती ढासळली व १८७६ साली त्यांना रजा घ्यावी लागली. या रजेत आयर्लंडमध्ये फिरत असताना ती प्रसिद्ध गोष्ट घडली. बंडोरन नावाच्या लहान स्टेशनावर ते संध्याकाळी गाडीच्या बऱ्याच आधी येऊन थांबले. वेळापत्रकात गाडी संध्याकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांची छापली होती. गाडी आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ती पहाटे पाच पस्तीसची. छापताना सकाळची संध्याकाळ झाली होती. हजारो मैलांची रेल्वे आखणारा माणूस एका अक्षराच्या चुकीने रात्रभर त्या स्टेशनात अडकून पडला!

दुसरा कोणी स्टेशन मास्तरला दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. फ्लेमिंग यांना वाटले, मुळात दिवसातून दोनदा पाच वाजावेतच का? तास एक ते चोवीस मोजले तर ही चूक होणारच नाही. आणि एकदा घड्याळाविषयी विचार सुरू झाला म्हणजे तो तेथे कसा थांबेल? हॅलिफॅक्स ते टोरांटो या प्रवासात प्रवाशाला आपले घड्याळ पुन्हा पुन्हा मागे करावे लागे, कारण वाटेतले प्रत्येक मोठे शहर आपल्या सूर्याप्रमाणे चाले. दोन टोकांत एक तास आणि वर तीन-चार मिनिटे असा विचित्र फरक. शेजारच्या अमेरिकेत तर रेल्वे कंपन्यांच्या मिळून पन्नासच्या आसपास निरनिराळ्या वेळा चालू होत्या. एकाच स्टेशनावर दोन-तीन घड्याळे टांगलेली आणि तिन्ही आपापल्या परीने खरी!

१८७६ नंतर फ्लेमिंग यांनी या विषयावर पुस्तिका लिहिल्या, निबंध वाचले, पत्रे पाठवली. त्यांची कल्पना समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी ती अर्धीच सांगितली जाते. त्यांना हवे होते ते साऱ्या जगाला एकच घड्याळ. टोकियो, लंडन, टोरांटो सगळीकडे एका क्षणी एकच वेळ. याला ते वैश्विक वेळ म्हणत. पृथ्वीचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडावेत, प्रत्येक भागाला इंग्रजी वर्णमालेतील एकेक अक्षर द्यावे आणि वैश्विक वेळेचे तास त्या अक्षरांनी ओळखावेत, अशी त्यांची योजना होती. स्थानिक व्यवहारासाठी प्रत्येक पट्ट्याची वेळ शेजारच्या पट्ट्याहून बरोबर एक तासाने वेगळी असावी, ही त्यांनी लोकांच्या सवयीशी केलेली तडजोड. त्यांनी लंडनच्या कारागिरांकडून दोन्ही वेळा दाखवणारे एक खास घड्याळही करवून घेतले.

लोकांनी हे डोक्यावर घेतले असे मात्र मुळीच नाही. १८७८ साली डब्लिनला ब्रिटिश विज्ञान परिषदेचे अधिवेशन होते. तेथे निबंध वाचण्यासाठी फ्लेमिंग मुद्दाम गेले, पण त्यांना वेळच देण्यात आला नाही. वेळेवर बोलायला आलेल्या माणसाला वेळ मिळू नये! शेवटी १८७९ मध्ये त्यांनी आपले निबंध वाचले ते टोरांटोच्या कॅनेडियन इन्स्टिट्यूटमध्ये. दोन सभासदांच्या सभेवर जगलेली ती संस्था आता त्यांच्या पाठीशी उभी राहिली. कॅनडाच्या गव्हर्नर जनरलांमार्फत हे निबंध ब्रिटिश सरकारकडे व इतर देशांकडे गेले. इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनी त्यांची फारशी किंमत केली नाही. एडिंबरोचे ज्योतिषी पियाझी स्मिथ यांचे तर म्हणणे होते की मूळ रेखावृत्त इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडवरूनच गेले पाहिजे. रशियाच्या स्ट्रूव्ह यांनी मात्र मनापासून पाठिंबा दिला.

याच सुमारास फ्लेमिंग यांच्यावर दुसरा घाव बसला. पॅसिफिक रेल्वेचे काम लांबते, खर्च वाढतो, अशी ओरड चालूच होती. १८८० साली सरकारने त्यांना मुख्य अभियंता पदावरून दूर केले. वय त्रेपन्न. ज्या रेल्वेसाठी नऊ वर्षे दिली, ती आता दुसरे लोक बांधणार होते. त्यांनी सुचवलेली यलोहेड खिंडही पुढे नव्या कंपनीने सोडून दिली. आणि त्याच वर्षी किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाने त्यांना कुलपती निवडले. तेथील प्राचार्य होते तेच जुने सहप्रवासी ग्रँट. पदवी नसलेला माणूस पदवीधरांच्या सभेत मानाच्या खुर्चीवर बसला.

आता त्यांच्या हाती भरपूर वेळ होता आणि तो त्यांनी वेळेलाच दिला. पण येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फ्लेमिंग हे प्रमाणवेळेचे जनक, असे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. अमेरिकेत साराटोगा स्प्रिंग्ज येथे मुलींची शाळा चालवणारे चार्ल्स डाऊड नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी फ्लेमिंग यांच्या कितीतरी आधी, १८७० च्या सुमारास, रेल्वेसाठी तासातासाच्या पट्ट्यांची योजना मांडली होती. ती प्रत्यक्ष अमलात आणण्याचे किचकट काम केले ते रेल्वे कंपन्यांच्या संघाचे चिटणीस विल्यम ॲलन यांनी. १८ नोव्हेंबर १८८३, रविवार, या दिवशी अमेरिका व कॅनडातील रेल्वेंनी आपली घड्याळे नव्या वेळेला लावली. काही शहरांत त्या दिवशी मध्यान्ह दोनदा झाली: एकदा सूर्याची, एकदा रेल्वेची. टोरांटोत घड्याळाचे काटे सतरा मिनिटांहून थोडे अधिक पुढे सरकवावे लागले. बिचारे डाऊड १९०४ साली रेल्वे फाटकात आगगाडीखाली सापडून वारले. रेल्वेने त्यांना ना पैसा दिला ना मोठेसे नाव. फ्लेमिंग यांचे खरे श्रेय मला वाटते ते निराळे आहे. डाऊड व ॲलन एका खंडाचा विचार करत होते. फ्लेमिंग पृथ्वीचा करत होते, आणि दारे बंद झाली तरी ते पुन्हा पुन्हा ठोठावत राहिले.

१८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे पंचवीस देशांची परिषद भरली. ब्रिटनच्या प्रतिनिधींत कॅनडाच्या वतीने फ्लेमिंग होते. भारताच्या वतीनेही एक प्रतिनिधी होते, पण ते म्हणजे लेफ्टनंट जनरल स्ट्रॅची हे इंग्रज अधिकारी. शून्य अंशाचे रेखावृत्त कोणते, हा मुख्य वाद. पॅरिस मागे पडणार म्हणून फ्रेंच नाराज होते. फ्लेमिंग यांना वाटे की शून्य रेषा कोणत्याच देशाची नसावी. ग्रीनिचच्या बरोबर पाठीमागे, पॅसिफिक महासागरातून जाणारी १८० अंशांची रेषा घ्यावी, म्हणजे कोणाचा मान दुखावणार नाही आणि नकाशेही बदलावे लागणार नाहीत. त्यासाठी त्यांनी आकडेही दिले. जगातील जहाजांच्या एकूण टनभारापैकी ७२ टक्के भार ग्रीनिचवरून मोजलेले नकाशे वापरत होता. आकडे सर्वांना पटले, पण अर्थ उलटा घेतला गेला: मग सरळ ग्रीनिचच का नको? बावीस देश ग्रीनिचच्या बाजूचे, सॅन डोमिंगो विरुद्ध, फ्रान्स व ब्राझील तटस्थ. फ्लेमिंग यांची सूचना नामंजूर झाली. तासातासाच्या पट्ट्यांविषयी तर परिषदेने काहीच बंधन घातले नाही. ते ज्या त्या देशावर सोडले. साऱ्या जगाचा वैश्विक दिवस मान्य झाला, पण स्थानिक वेळेला हात न लावता.

म्हणजे एका परीने फ्लेमिंग हरले. त्यांचे एकच घड्याळ वेधशाळांपुरते उरले. नाइलाजाने केलेली तडजोड, ते चोवीस पट्टे, तेवढे जगाने हळूहळू उचलले. यात कोणाचे हित झाले आणि कोणाचे गेले? रेल्वेचे झाले, तारखात्याचे झाले. गावाच्या मध्यान्हीचे मात्र महत्त्व गेले. आपल्याकडे हेच घडले. मद्रासची वेळ रेल्वे पाळत असे. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे. मुंबईकरांना ही सक्ती मानवली नाही. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले, कारण काट्याने सहा म्हटले तरी सूर्याच्या मते पहाटच होती. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. फ्लेमिंग यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण भोंग्यावर धावणाऱ्या माणसाचा विचार त्यांच्या योजनेत मला सापडला नाही.

मात्र त्यांच्या दुसऱ्या कल्पनेचे आपण रोज ऋणी आहोत. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८८६ पासून पश्चिमेकडील मार्गावर चोवीस तासांचे घड्याळ सुरू केले. आपल्या रेल्वेच्या वेळापत्रकात १७.३५ असे लिहिलेले असते, तेव्हा बंडोरनची ती फजिती होण्याची भीती नसते.

त्या रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाची येथे ठोकला गेला. त्या प्रसंगाचे छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. वाकून खिळा ठोकणाऱ्या डोनाल्ड स्मिथ यांच्या मागे उंच टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा, धिप्पाड माणूस ताठ उभा आहे. पाच वर्षांपूर्वी नोकरीवरून काढलेले तेच फ्लेमिंग. त्यांनी अबोला धरला नाही. नव्या कंपनीच्या बोलावण्यावरून १८८३ साली ते पुन्हा डोंगर पायी तुडवून आले होते. पुढे त्यांनी कॅनडा ते ऑस्ट्रेलिया समुद्राखालून तार टाकण्याचा ध्यास घेतला आणि १९०२ मध्ये तोही तडीस गेलेला पाहिला. १८९७ साली ते ‘सर’ झाले.

त्यांच्या हयातीतच घड्याळाचा आणखी एक प्रकार कॅनडात निघाला. १९०८ साली ऑन्टारिओतील पोर्ट आर्थर या गावाने उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली, की कामावरून सुटल्यावर लोकांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, साऱ्या कॅनडाने कायद्याने हे केले. सस्कॅचेवान प्रांताच्या बहुतेक भागात घड्याळ वर्षभर हलवत नाहीत. युकॉनने २०२० पासून हलवणे सोडले. १९४९ साली कॅनडात सामील झालेले न्यूफाउंडलंड तर आजही अर्ध्या तासाची वेगळी चूल मांडून आहे.

क्वीन्स विद्यापीठाचे कुलपतिपद फ्लेमिंग यांनी अखेरपर्यंत सांभाळले. हॅलिफॅक्स येथील आपली समुद्रकाठची ९५ एकर जमीन त्यांनी १९०८ मध्ये लोकांना बागेसाठी देऊन टाकली. त्याच शहरात २२ जुलै १९१५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचा देहान्त झाला. दफन ऑटावाला करण्यात आले. हॅलिफॅक्स आणि ऑटावा या दोन शहरांच्या घड्याळांत तेव्हाही बरोबर एका तासाचा फरक होता, आजही तेवढाच आहे. वरची मिनिटे गेली.